जेजूला ओळखता का?

साहेबाच्या देशातली पोरं आमच्या वाडीत आली ती शाळेची भिंत रंगवायला. भिंतीला काहीही झालेलं नव्हतं. पावसाळ्याआधीच ग्रामपंचायतीने ती रंगवून घेतली होती. पण विमानात बसून, स्वतःचे ब्रश बरोबर घेऊन आलेल्या पोरांना नको कसं म्हणायचं? म्हणून मास्तरांनी त्यांना शाळेची मागची भिंत दाखवली. तिच्याकडे आजवर फक्त बकऱ्या बघत आल्या होत्या.

इंग्लंडातल्या कुठल्याशा चर्चची ही तरुण मंडळी. वर्षातून एकदा परदेशी जायचं, कोणाच्या तरी उपयोगी पडायचं आणि परत जायचं, याला ते मिशन ट्रिप म्हणतात. आमच्या फादरांची त्यांच्या चर्चमध्ये जुनी ओळख, त्यामुळे या खेपेला ते उपयोगी पडायला मालवणच्या अलीकडे, आमच्या वाडीत आले. फादर हुशार माणूस. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं की भिंत रंगवा, किनारा झाडा, मासे खा, पण कोणाला देव शिकवायला जाऊ नका. इथल्या किरिस्तावांना तो तुमच्या पणजोबांच्या आधीपासून ठाऊक आहे, आणि हिंदूंना त्यांचे त्यांचे पुरे आहेत. सगळ्यांनी माना हलवल्या. हॅना नावाची एक लालबुंद गालांची मुलगी होती, तिने हलवली की नाही ते मी पाहिलं नाही.

त्यांचं दुपारचं जेवण माझ्याकडे. मी पर्यटकांसाठी घरातच खानावळ चालवते, त्यामुळे कोणाच्या तोंडाला काय चालतं याचा मला अंदाज आहे. या पोरांच्या तोंडाला काहीच चालत नव्हतं, पण शिकवण अशी की पानात पडेल ते हसत खायचं. सोलकढी त्यांनी पहिल्या दिवशी गोड समजून तोंडाला लावली आणि हसतच गिळली. मला त्यांची दया आली, आणि मजाही वाटली. दुभाषा म्हणून प्रीतम फर्नांडिस असायचा. तो मालवणात पर्यटकांना समुद्राच्या तळाशी नेऊन मासे दाखवतो, म्हणून त्याचं इंग्रजी चांगलं आहे.

आता जेजूबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांत येशूला जेजू म्हणतात, आणि प्रेमाने तेच नाव मुलालाही ठेवतात. आमचा जेजू म्हणजे जेजू फर्नांडिस, या प्रीतमचा सख्खा काका. तो आणि माझा नवरा हरिश्चंद्र मेतर यांची एक होडी होती. दोघांची मिळून एकच. मिसरूड फुटायच्या आधीपासून दोघे त्या होडीत. होडीच्या एका बाजूला रवळनाथ प्रसन्न लिहिलेलं, दुसऱ्या बाजूला खुरीस, म्हणजे क्रूस, काढलेला. कधी कधी मला वाटायचं, याचं लग्न माझ्याशी झालंय की जेजूशी.

मग गुडघे गेले. आमच्या म्हाताऱ्याचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे आधी, जेजूचे नंतर. होडी वाळूवर पडून राहू लागली. एकदा जेजू जुन्या गोव्याला सायबाच्या फेस्ताला, म्हणजे तिथल्या संताच्या जत्रेला, गेला असताना म्हाताऱ्याने ती गुरुदासला विकून टाकली. गुरुदासचं किनाऱ्यावर रिसॉर्ट आहे. त्याने होडीत माती भरली, झेंडू लावला आणि पाटी ठोकली की इथे फोटो काढा. जेजू परत आला तो बसमधून उतरून त्याच वाटेने. त्याने आपली होडी पाहिली. तिच्यात पुण्याची एक नवी नवरी बसून फोटो काढून घेत होती.

जेजू भांडला असता तर बरं झालं असतं. तो तसाच पाठ फिरवून घरी गेला. महिन्याच्या आत मुलीकडे इंग्लंडला निघून गेला, आणि जाताना सगळ्या वाडीचा निरोप घेतला, फक्त आमच्या दाराकडे पाहिलं नाही. या गोष्टीला सहा वर्षं झाली. म्हातारा तेव्हापासून अर्धा झाला. कोणाशी धड बोलत नाही, समुद्राकडे पाठ करून बसतो. मी खूप बोलले त्याला. नवऱ्यावर ओरडायला मला आवडतं, पण समोरून उत्तरच येत नसेल तर ओरडण्यात काय चव?

तर त्या दिवशी पोरं पडवीत जेवत बसली होती. म्हातारा कोपऱ्यात जाळं सांधत होता, जाळं कोणाचं तरी परक्याचं. हॅना उठून त्याच्यापाशी जाऊन जमिनीवर बसली. त्यांचा पुढारी मार्क तिला डोळ्यांनी नको नको करत होता. पण ती मुलगी म्हणजे उतू जाणारं दूध. तिने विचारलंच. आणि प्रीतमने, लहानपणापासून घरात जो शब्द ऐकला त्याच शब्दात, मालवणीत सांगितलं, "हरीकाका, ती इचारता, तुमी जेजूक वळखतास काय?"

म्हाताऱ्याच्या हातातली सुई थांबली.

मी दारात उभी होते, हातात ताकाचं भांडं. मला क्षणात कळलं की ही पोरगी कुठल्या जेजूबद्दल विचारतेय. दरवर्षी मी बंदरावरच्या खुर्सापुढे लदिनीला जाते, त्यांच्या प्रार्थना ऐकते, नंतरचे उकडलेले चणे खाते. पण म्हाताऱ्याला कळणार कसं? सहा वर्षं त्याच्या डोक्यात एकच जेजू होता, दुसऱ्याला तिथे जागाच नव्हती. त्यातून ही पोरं इंग्लंडातून आलेली. जेजू तिकडेच. ती आपणहून विचारतेय.

"जेजूक मी वळखू नाय तर कोण वळखतलो?" म्हातारा म्हणाला. "एका होडयेत जल्म गेलो आमचो."

प्रीतमने ते इंग्रजीत सांगितलं, आणि सांगता सांगता त्याच्याही लक्षात आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. तोंडावर हसू फुटायच्या बेतात आणि डोळ्यांत भीती. म्हातारा मात्र सुटला होता. सहा वर्षांत बोलला नसेल एवढं बोलायला लागला. एकदा आचऱ्यासमोर वाऱ्यात सापडलो, म्हणाला, लाटा होडीत येतायत, मी नारळाच्या करटीने पाणी उपसतोय आणि जेजू जाळ्याच्या गुंडाळीवर डोकं ठेवून झोपलाय. गदागदा हलवून उठवलं तर म्हणाला, भितोस कशाला. आणि खरंच वारा पडला.

पोरांची तोंडं उघडी पडली. मार्कने आपलं ताट बाजूला ठेवलं. म्हाताऱ्याला वाटलं, अजून हवंय. मग त्याने ती रात्रभर फिरून एक मासोळी न मिळाल्याची गोष्ट सांगितली. पहाटे जेजू म्हणाला, जाळं या बाजूला नको, त्या बाजूला टाक. टाकलं, तर इतकं भरलं की फाटलं. हे ऐकून हॅना रडायलाच लागली. या दोन्ही गोष्टी त्यांच्या पोथीत जशाच्या तशा आहेत हे मला मागाहून फादरांनी सांगितलं. असतील. पण आमच्या म्हाताऱ्याने पोथी वाचलेली नाही, आणि ते फाटलेलं जाळं मी माझ्या हातांनी शिवलंय.

मग हॅनाने हळू आवाजात विचारलं की जेजू आता तुमच्यासोबत आहे का. प्रीतमने विचारू की नको करत ते विचारलं. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला.

"नाय," तो म्हणाला. "मी दगो दिलंय त्येका."

प्रीतम घाबरला. तो माझ्यापाशी आला आणि कुजबुजला, की काकी, गोंधळ झालाय, मी सांगून टाकतो. मी म्हाताऱ्याकडे पाहिलं. खाली मान घालून बसला होता, पण जिवंत दिसत होता. इतक्या वर्षांत त्याने हे तोंडाने म्हटलं नव्हतं, माझ्यापाशीसुद्धा नाही. मी प्रीतमला म्हटलं, "जो जा बोलता तसा सांग. पदरचा काय घालू नको आणि काय गाळू नको."

आणि प्रीतमने एक अक्षर पदरचं घातलं नाही. मी साक्षीला होते. कोणी एक शब्द खोटा बोललं नाही, हे मी आजही खुर्सावर हात ठेवून सांगेन.

हॅनाने म्हाताऱ्याचा हात हातात घेतला आणि सांगितलं की त्याने तुम्हाला कधीच माफ केलंय.

म्हाताऱ्याने विचारलं, तुला कसं माहीत. ती म्हणाली, मी त्याच्याशी रोज बोलते.

"रोज?" म्हातारा माझ्याकडे वळून म्हणाला. "आणि माका एक फोन नाय."

पुढे ती म्हणाली की त्याच्या बापाच्या घरात खोल्या पुष्कळ आहेत, तुमच्यासाठीही तो एक तयार करतोय. यावर म्हातारा जरा गोंधळला, कारण जेजूच्या बापाचं घर पडून तिथे आता चिंच उगवली आहे. पण इंग्लंडात राहिलेल्या माणसाने परत बांधायचं ठरवलं असेल, असं त्याचं त्यानेच जुळवून घेतलं. शेवटी तिने सांगितलं की तो परत येणार आहे. म्हाताऱ्याने साहजिकच कधी ते विचारलं. तिने सांगितलं की तो दिवस, ती वेळ कोणालाच ठाऊक नाही, आपण तेवढं तयार राहायचं.

"तिकीट काढूक नसतला अजून," म्हातारा मला म्हणाला आणि उठून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो गुरुदासच्या रिसॉर्टवर गेला आणि होडीतला झेंडू उपटायला लागला. गुरुदास धावत आला. बाचाबाची झाली. मला निरोप आला तेव्हा मी कालवणाचा गॅस बंद करून गेले, आणि गुरुदासला त्याच्या पाहुण्यांच्या देखत जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. अखेर तोडगा प्रीतमने काढला. त्याच्याकडे फायबरची एक फुटकी होडी पडून होती, ती गुरुदासने बदल्यात घ्यायची. फायबर कुजत नाही, झाडं लावायला ते उलट बरं. गुरुदासला ते पटलं. पुण्याच्या नवऱ्या आता तिच्यात बसतात.

पण आमची होडी घरापर्यंत आणायची कोणी? म्हाताऱ्याने इंग्लंडच्या पोरांना सांगून पाठवलं की जेजू यायचाय, होडी तयार करायला हवी. प्रीतमने तेही जसंच्या तसं सांगितलं. पोरं भिंत अर्धी टाकून धावत आली.

त्यानंतर शाळेची भिंत राहिली ती राहिलीच. पोरं दिवसभर वाळूवर. माती उपसली तर आतून एवढी गांडुळं निघाली की दोन मुली किंचाळत पाण्यात शिरल्या. कुजलेल्या फळ्या सुताराने बदलल्या, म्हाताऱ्याने फटींत कापूस ठोकला, डांबर लावलं. तो पोरांवर ओरडत होता, त्यांच्या हातातली हातोडी हिसकावत होता, त्यांना मालवणीतून शिव्या देत होता, आणि प्रीतम त्यांना सांगत होता की काका आशीर्वाद देतायत. हे एवढं मात्र प्रीतमने पदरचं घातलं. मी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

रंग शाळेचा उरलेला होता, आकाशी. होडी पूर्वी हिरवी असायची, पण पोरांचा उत्साह बघून म्हाताऱ्याने हूं केलं. निघायच्या आदल्या दिवशी हॅनाने तिच्या फोनवर त्याचा व्हिडिओ काढला. आकाशी होडीला टेकून उभा राहून म्हातारा म्हणाला, "जेजूक मी दगो दिलंय. तेणां माफ केल्यान म्हणतत. तो येतलो. होडी तयार आसा." पोरं जाताना रडली. मार्कने म्हाताऱ्याचे पाय धरले. त्यांच्या चर्चमध्ये तो व्हिडिओ दाखवला तेव्हा सगळे उभे राहून गायले म्हणे, एवढी श्रद्धा त्यांनी कुठे पाहिली नव्हती.

प्रीतमने तोच व्हिडिओ वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकला. त्या ग्रुपवर जेजूची मुलगी आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं. मलाही होतं, कारण टाक म्हणून मीच सांगितलं होतं.

त्यानंतरचे दिवस मात्र मला जड गेले. म्हातारा रोज सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून होडीपाशी जाऊन बसायचा. आता समुद्राकडे तोंड करून. वाटेने रिक्षा वाजली की मान वळवायचा. मी भाकऱ्या थापताना मनात म्हणायची, रुक्मिणी, जीभ आवरलीस ती याच्यासाठी का? जेजू आलाच नाही तर हा माणूस पुन्हा उठणार नाही, आणि ते तुझ्या माथी बसेल. एकदा खुर्सापुढे जाऊन मेणबत्ती लावून आले. म्हटलं, जेजूसायबा, तुझ्या नावावर एवढं सगळं झालंय, आता तूच बघ.

फोन आला तो माझ्याच फोनवर. मी मासे साफ करत होते. अनोळखी लांबलचक नंबर. पलीकडून एकच वाक्य आलं, हऱ्याला दे. मी ओल्या हातानेच धावत किनाऱ्यावर गेले आणि स्पीकरचं बटण दाबून आवाज मोठा केला, कारण हे ऐकायचा मला पुरेपूर हक्क होता.

"हऱ्या," जेजू गरजला, "मी तुका माफ केलंय म्हणान कोणी सांगल्यान?"

"तुझ्या थंयच्या पोरांनी," म्हातारा म्हणाला.

"कसली पोरां? मी एकाकव वळखणय नाय. मी माफ करूक नाय, समाजलंस? आणि होडयेक ह्यो रंग कसलो? शाळा आसा ती?"

"उरलेलो होतो."

पलीकडे माशीसारखी नुसती घुंघुं ऐकू येत होती. मग जेजू म्हणाला, "हात लावू नको आता तिका. नाताळाक येतंय मी." आणि फोन ठेवला.

म्हाताऱ्याने फोन माझ्या हातात दिला. त्याला खवले चिकटले होते. तो म्हणाला, पोरं खोटं बोलली नव्हती, येतोय. मग त्याने मला विचारलं, "पण तो त्यांका वळखणा नाय म्हणता. मगे ती पोरां कोणाबद्दल बोलत होती?"

"जेजूबद्दल," मी म्हटलं.

"खंयच्या?"

"तुमका खंयचो व्हयो होतो?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे एकटक पाहिलं. त्याला सगळं उमगलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. मला वाटलं आता ओरडेल. मी तयारीत होते, मलाही बरेच दिवसांचं भांडण राहिलं होतं. पण तो हसायला लागला. हसता हसता वाळूवर बसला, आणि मग मीही त्याच्या शेजारी बसले, घरातले मासे मांजरावर सोडून.

नाताळच्या आदल्या दिवशी जेजू आला. केस सगळे पांढरे, अंगात मुलीने दिलेलं जाड जाकीट, घामाने निथळत होता. प्रीतमने हॅनाला फोनवर लिहून कळवलं की जेजू आला आणि हरीकाका खूप खूश आहेत. तिचं उत्तर आलं की ती त्या दिवशी चर्चमध्ये सगळ्यांना सांगेल. त्यात खोटं काय होतं?

जेजू घरात न येता सरळ वाळूवर गेला. म्हातारा होडीपाशी उभाच होता. जेजूने त्याच्याकडे पाहिलं नाही. होडीभोवती एक फेरी मारली, बोटाच्या पेराने फळ्या वाजवून पाहिल्या, रंगावर नख ओढलं आणि नाक मुरडलं. खुर्साजवळ क्षणभर थांबला. तो खुरीस हॅनाने काढला होता, जरा वाकडा.

"मी माफ करूक नाय हा," तो म्हणाला. "आधी सांगान ठेवतंय."

"बरा," म्हातारा म्हणाला.

"पाणी आत घेता काय ही?"

"थोडा."

"मगे करटी घे," जेजू म्हणाला आणि जाकीट काढून माझ्या अंगावर भिरकावलं.

प्रीतमने आणि मी धक्का दिला. दोन म्हातारे, दोन वल्ही, ती आकाशी होडी. समुद्र शांत होता, पण दोघांच्याही गुडघ्यांचा काय भरवसा? मी जाकीट कवटाळून किनाऱ्यावर उभी राहिले. होडी लांब गेली, पार खडकांपलीकडे, आणि बराच वेळ दिसेना. पुन्हा दिसली तेव्हा होडीत एकच डोकं होतं.

मी पाण्यात गुडघ्यापर्यंत शिरले. एकच डोकं, एकच माणूस वल्हवतोय, आणि तो माझा म्हातारा. होडी इतकी सावकाश येत होती की मला वाटलं, जाऊन ओढून आणावी. जवळ आली तशी मी हाक मारायला तोंड उघडलं. म्हाताऱ्याने वल्हं थांबवून ओठांवर बोट ठेवलं. त्याच्या पायांशी जाळ्याच्या गुंडाळीवर डोकं ठेवून जेजू पसरला होता, तोंड उघडं, घोरत.

"निजलोहा," म्हातारा हळूच म्हणाला. "उठवू नको."